वादळाच्या वर्षी हप्ता नको

१ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ हे चक्रीवादळ कॅरिबियन समुद्रातल्या कॅरिआकू बेटावर आदळलं. वाऱ्याचा वेग होता ताशी २४० किलोमीटर. कॅरिआकू हे ग्रेनाडा या चिमुकल्या देशाचं धाकटं बेट. काही हजारांची वस्ती, मासेमारी, लाकडी बोटी बांधण्याचा पिढीजात धंदा, थोडंफार पर्यटन. अर्ध्या तासात बेट सपाट झालं, असं पंतप्रधान डिकन मिचेल म्हणाले, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. नव्वद टक्क्यांहून जास्त इमारतींना तडाखा बसला होता, विजेचं जाळं जवळजवळ संपलं होतं. वाहिन्यांनी दोन दिवस ती दृश्यं दाखवली आणि मग त्या वादळाच्या मागोमाग जमैकाकडे सरकल्या.

मला रस आहे तो त्यानंतर दीडेक महिन्याने घडलेल्या गोष्टीत. ती कुठल्याच वाहिनीला दाखवता आली नसती. ऑगस्टमध्ये ग्रेनाडा सरकारने परदेशी रोखेधारकांना कळवलं की पुढचे दोन सहामाही हप्ते आम्ही आत्ता देणार नाही. एरवी एखाद्या देशाने असं कळवलं की बाजारात बोंबाबोंब होते. इथे ती झाली नाही, कोणी याला दिवाळखोरी म्हटलं नाही. कारण ही मुभा करारातच होती. २०१५ मध्ये कर्जाची फेररचना करताना ग्रेनाडाने एक कलम घालून घेतलं होतं: ठरावीक मर्यादेपलीकडचं वादळ आलं, तर हप्ते पुढे ढकलता येतील. नुकसान किती झालं हे ऋणकोने सांगायचं नाही आणि धनकोनेही नाही. ते ठरवणार सीसीआरआयएफ, म्हणजे कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये उभी केलेली सामाईक विमा संस्था, आपल्या गणिती प्रतिमानावरून. याच संस्थेने बेरिलनंतर ग्रेनाडाला विम्यापोटी सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलरही दिले.

हे कलम कुठल्या हवामान परिषदेतल्या भाषणातून आलेलं नाही. ते ठेच लागून आलेलं शहाणपण आहे. सप्टेंबर २००४ मध्ये ‘आयव्हन’ वादळाने याच ग्रेनाडाची दहातली नऊ घरं मोडली होती. नुकसान सुमारे ९० कोटी डॉलर, देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक. त्या काळी इंडोनेशियाच्या खालोखाल जगाला जायफळ पुरवणारा देश तो. जायफळ त्यांच्या राष्ट्रध्वजावरही आहे. आयव्हनने जायफळाची बहुतेक झाडं उन्मळून टाकली. कोकणात ज्यांच्या वाडीत जायफळ आहे त्यांना सांगायला नको की नवं रोप लावलं तर धड उत्पन्न हाती यायला सात-आठ वर्षं जातात. कर्जाचा हप्ता मात्र सहा महिन्यांनी दारात उभा. पुढच्याच जुलैत ‘एमिली’ वादळ आलं. ग्रेनाडाने २००५ मध्ये कर्जाची फेररचना केली, तीही पुरली नाही, २०१३ मध्ये पुन्हा हात वर करावे लागले. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की हा देश उधळ्या नाही, त्याच्या कर्जाचं वेळापत्रकच वादळ येतच नाही असं धरून बेतलेलं आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही कल्पना नवी वाटू नये. गावाची पैसेवारी पन्नासच्या खाली गेली, दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली, की सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या चालू बिलात साडेतेहतीस टक्के सवलत, मुलांची परीक्षा फी माफ असं सगळं एका शासन निर्णयात येतं. नजरअंदाज पैसेवारी आणि अंतिम पैसेवारी यांच्या दरम्यान किती राजकारण मुरतं हेही आपल्याला ठाऊक आहे. पण तत्त्व पक्कं आहे: पीक बुडालं की वसुली थांबते, आणि ती कोणाच्या मर्जीने नाही तर ठरलेल्या निकषाने थांबते. ग्रेनाडाने आपल्या सावकारांकडून लिहून घेतली ती हीच गोष्ट. फरक इतकाच की आपल्याकडे निकष लावणारं आणि सवलत देणारं सरकार एकच असतं. तिथे निकष तिसऱ्याच्या हाती आहे. आपल्यापेक्षा ते एक पाऊल पुढे आहेत म्हणा ना.

बेटांच्या देशांना जगाने मदत करावी यावर कोणाचंच दुमत नसतं, म्हणूनच ती चर्चा इतकी मिळमिळीत होते. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबात असे ३९ छोटे बेटदेश आहेत. सगळ्यांची मिळून लोकसंख्या साडेसहा कोटींच्या आसपास, म्हणजे निम्म्या महाराष्ट्राच्या थोडी वर, आणि जगाच्या उत्सर्जनातला वाटा एक टक्काही नाही. इथवर सगळे माना डोलावतात. पुढे कोणी सौर पॅनेल देतं, कोणी समुद्रभिंत बांधतं, फीत कापली जाते, फोटो निघतो. माझं म्हणणं असं की या देशांच्या बाबतीत सहकार्याचा खरा कस फितीवर नाही, कर्जाच्या कागदावर लागतो. आणि त्या कागदाबद्दल भारताने आता स्पष्ट बोलायची वेळ आली आहे, कारण असे कागद आपणही करतो. भारत सरकार परदेशांना जो सवलतीचा पतपुरवठा देतं तो एक्झिम बँकेमार्फत जातो, आणि त्या बँकेचं मुख्यालय मुंबईत कफ परेडला आहे.

आधी पैशाचं बघू. समुद्र चढल्याने होणाऱ्या नुकसानीसाठी श्रीमंत देशांच्या वर्गणीतून एक सामाईक कोष असावा, असा प्रस्ताव वानुआतूने बेटदेशांच्या वतीने मांडला तो १९९१ मध्ये. तो कोष तत्त्वतः मान्य झाला २०२२ मध्ये, शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत. म्हणजे एकतीस वर्षांनी. दुबईत २०२३ मध्ये तो सुरू झाल्याचं जाहीर झालं, टाळ्या वाजल्या, सुरुवातीची आश्वासनं जमली ती सुमारे ७० कोटी डॉलरची. पुन्हा वर जाऊन आयव्हनचा आकडा पाहावा: एका वादळाने, सव्वा लाखाच्या आतबाहेर लोकसंख्या असलेल्या एका देशाचं केलेलं नुकसान ९० कोटी. साऱ्या गरीब जगासाठी उघडलेल्या कोषाची सलामी त्याहून कमी. २०२५ च्या अखेरीस ब्राझीलमधल्या परिषदेत या कोषाने पहिल्यांदा प्रस्ताव मागवले ते २५ कोटी डॉलरसाठी. अशा कोषाच्या भरवशावर कोणता अर्थमंत्री अर्थसंकल्प मांडेल?

दुसरी अडचण अशी की सवलतीचं कर्ज कोणाला मिळावं हे मुख्यतः दरडोई उत्पन्नावर ठरतं. मोठ्या देशात सरासरी निदान काहीतरी सांगते. बेटांच्या देशात पाच-पंचवीस महागडी हॉटेलं सरासरी वर खेचतात आणि देश कागदावर सुखवस्तू होतो. मालदीव २०११ मध्ये अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला, सामोआ २०१४ मध्ये, वानुआतू २०२० मध्ये. प्रगती झाली हे खरंच, तिचं कौतुकही व्हावं. पण अँटिग्वा आणि बारबुडाचं पाहा. २०१७ मध्ये ‘इर्मा’ वादळाने बारबुडा बेट इतकं उद्ध्वस्त केलं की तिथली सगळी माणसं शेजारच्या अँटिग्वात हलवावी लागली. बेट पूर्ण रिकामं. आणि २०२२ मध्ये हा देश विकासमदतीला पात्र देशांच्या यादीतून वगळला गेला, उत्पन्न वाढलं म्हणून. ‘एवढं उत्पन्न असताना मदत कशाला’ असं विचारणारा कारकून चुकत नाही. त्याला दिलेला तक्ता चुकीचा आहे. उत्पन्नाबरोबर देश किती सहज कोलमडू शकतो हेही मोजावं, असा निर्देशांक संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ऑगस्ट २०२४ मध्ये स्वीकारला. तो वापरायचा की नाही हे मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

आता विजेकडे येऊ, कारण स्वच्छ ऊर्जेचा प्रश्न वरवर तंत्रज्ञानाचा दिसतो आणि आत गेलं की तोही व्याजाचाच निघतो.

मालदीवमध्ये दोनशेच्या आसपास वस्तीची बेटं आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला स्वतःचं वीजघर लागतं. डिझेल बोटीने यायचं, टाक्यांत भरायचं, जनरेटर धडधडत ठेवायचा. मुंबईजवळच्या घारापुरीत कित्येक वर्षं हीच तऱ्हा होती. जगभरचे पर्यटक लेणी बघून जात आणि गावकऱ्यांना संध्याकाळचे काही तास जनरेटरची वीज मिळे. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकली तेव्हा तिथली तिन्ही गावं जाळ्याला जोडली गेली. मालदीवच्या बेटांना अशी केबल टाकायला जवळ कुठली मुख्य भूमीच नाही. तेव्हा सूर्य आणि बॅटरी हाच मार्ग, आणि सूर्याला तिथे तोटा नाही.

मग सगळं सौर का होत नाही? डिझेल महाग असलं तरी त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला जातात. सौर प्रकल्पात वीस-पंचवीस वर्षांच्या विजेची किंमत जवळपास सगळी पहिल्याच दिवशी मोजावी लागते, आणि ती कर्जाने मोजली तर युनिटचा दर बऱ्याच अंशी व्याजदरावर ठरतो. ज्या देशाचे डॉलर कधी आटतील सांगता येत नाही, ज्याच्या वीजकंपनीची पत शंकास्पद आहे, तिथे गुंतवणूकदार जोखमीचा भाव आधीच लावून ठेवतो. २०१४ मध्ये मालेजवळच्या हुलहुमाले बेटावरच्या दीड मेगावॉटच्या सौर प्रकल्पाची वीज ठरली ती युनिटला २१ अमेरिकी सेंटने. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने एक वेगळी रचना केली गेली. वीजकंपनीने पैसे थकवले तर हमी, स्थानिक चलनाचे डॉलर करून मिळण्याची सोय, करार मध्येच मोडला तर भरपाई. २०२० च्या सुमारास पाच मेगावॉटच्या प्रकल्पाचा दर आला १०.९ सेंट, आणि त्यानंतर अकरा मेगावॉटचा ९.८ सेंट. मधल्या काळात पॅनेल स्वस्त झाले, प्रकल्पांचे आकार वाढले, हे आहेच. पण सूर्य तोच होता, समुद्र तोच होता. बदलला होता करार. हमी देणाऱ्याला रोख रक्कम मोजावी लागली ती अगदी थोडी. त्याने मुख्यतः आपली पत उसनी दिली.

पॅनेल भेट देणं याहून सोपं असतं आणि फोटोही चांगला येतो. खाऱ्या हवेत जोडण्या गंजतात, बॅटऱ्या थकतात, इन्व्हर्टर बिघडतो आणि त्याचा सुटा भाग दोन समुद्र ओलांडून यायचा असतो. देखभालीचा पैसा करारात नसेल तर भेट दिलेला प्रकल्प चार-पाच वर्षांत शोभेची वस्तू होतो आणि पलीकडे जनरेटर पुन्हा सुरू होतो.

यात सगळा ओघ मोठ्याकडून छोट्याकडेच असतो असंही नाही. मॉरिशसचंच घ्या. मराठी माणसं तिथे एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेली, आणि आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. उसाच्या चोथ्यापासून, म्हणजे बगॅसपासून, वीज करून ती जाळ्यात सोडण्याचं काम तो देश कित्येक दशकं करतो आहे. आपल्या साखर कारखान्यांत सहवीजनिर्मितीचे प्रकल्प उभे राहिले, कर्जात रुतले, दरावरून भांडले. मॉरिशसची अडचणही आपल्यासारखीच: गाळप संपलं की बॉयलरला काय घालायचं. त्यांनी आयात कोळसा घातला आणि आता तोच सोडवायचा आहे. कोल्हापूर-सांगलीच्या अभियंत्यांनी मॉरिशसला शिकवायला जावं की शिकायला, हे मी त्यांच्यावर सोडतो.

मदतीच्या राजकारणाचा नमुना पाहायचा तर मालेचं पाणी पाहावं. ४ डिसेंबर २०१४ रोजी माले शहराच्या समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली. लाखावर वस्तीच्या राजधानीत प्यायला पाणी नाही. भारताने काही तासांत हवाई दलाच्या विमानांनी पाण्याच्या बाटल्या पाठवल्या, मागोमाग नौदलाच्या ‘सुकन्या’ आणि ‘दीपक’ या नौका गेल्या. ‘ऑपरेशन नीर’ हे भारताने केलेलं अत्यंत नेटकं काम होतं, त्याचा अभिमान वाटायलाच हवा. दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, मालदीवशी आपलं बिनसलेलं असताना चीनने तिथे १५०० टन पाणी पाठवलं. तिबेटच्या हिमनद्यांचं. हिमालयाचं पाणी बाटलीत भरून विषुववृत्तावर! पूलही असेच. मालेला विमानतळाशी जोडणारा पूल चीनच्या मदतीने २०१८ मध्ये झाला. मालेपासून दुसऱ्या बाजूच्या बेटांकडे जाणारा पावणेसात किलोमीटरचा मार्ग भारताच्या १० कोटी डॉलरच्या अनुदानातून आणि ४० कोटींच्या कर्जातून, मुंबईच्या ॲफकॉन्स कंपनीकडून बांधला जातो आहे. पूल दोन्ही हवेत. पण दोन मोठ्या शेजाऱ्यांच्या चढाओढीतून छोट्याला जे मिळतं ते त्याच्या गरजेच्या क्रमाने मिळत नाही, देणाऱ्याच्या सोयीच्या क्रमाने मिळतं.

आसरा देण्याच्या करारातही हेच. तुवालू हा अकरा हजारांच्या आसपास लोकवस्तीचा देश, समुद्रापासून उंची सरासरी दोनेक मीटर. ऑस्ट्रेलियाने त्याच्याशी केलेला करार २०२४ मध्ये लागू झाला. वर्षाला २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायमचं राहता येईल. २०२५ च्या पहिल्या सोडतीत कुटुंबीय धरून आठ हजारांहून अधिक लोकांची नावं आली, म्हणजे जवळपास सारा देश रांगेत. हा करार माणुसकीचा आहे यात वाद नाही. पण त्याच करारात असंही आहे की तुवालूने दुसऱ्या कोणा देशाशी सुरक्षेचा करार करायचा तर ऑस्ट्रेलियाची सहमती लागेल. घर बुडायला आलेल्या माणसाला ओसरी देताना त्याच्याकडून एवढं लिहून घ्यावं का?

आपण फार वेगळे आहोत अशा समजात राहू नये. भारताच्या पतपुरवठ्याची सर्वसाधारण अट अशी की त्या पैशातून होणाऱ्या खरेदीतली पंचाहत्तर टक्के भारतातून व्हावी. हे गुन्हा नाही, बहुतेक देश असंच करतात. फक्त त्याला निखळ मदत म्हणू नये.

हवामानाच्या मुद्द्यावर बेटदेशांचं आणि आपलं नातं सरळ नाही, हेही मांडायला हवं. २ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने बेटदेशांच्या पायाभूत सुविधांसाठी ‘आयरिस’ नावाचा उपक्रम इतर देशांसह जाहीर केला. आपत्तीत टिकणाऱ्या सुविधांसाठी भारताच्याच पुढाकाराने २०१९ मध्ये स्थापन झालेली आघाडी तो चालवते. त्याच परिषदेच्या शेवटच्या तासांत कोळशाचा वापर ‘बंद करत नेण्या’ऐवजी ‘कमी करत नेण्या’ची शब्दयोजना भारताने आग्रहाने करून घेतली, आणि सर्वांत जास्त दुखावले गेले ते बेटदेशांचे प्रतिनिधी. भारताची बाजू पोकळ नव्हती. आपलं दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या बरंच खाली आहे, आणि ज्यांनी दीड-दोनशे वर्षं धूर सोडला त्यांनी फक्त कोळशावर बोट ठेवावं, तेल-वायूवर नाही, हा दुटप्पीपणाच होता. पण मार्शल बेटांवरच्या माणसाला हा युक्तिवाद ऐकून पाणी ओसरल्याचा अनुभव येत नाही.

पुढचा प्रसंग हेगमधला. दक्षिण पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये सुरू केलेल्या खटपटीतून वानुआतूने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागवण्याचा ठराव आमसभेत मंजूर करून घेतला. डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत भारताची भूमिका अशी होती की देशांची कर्तव्यं सध्याच्या हवामान करारांपुरतीच पाहावीत. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने उलट मत दिलं: करारांबाहेरही, आंतरराष्ट्रीय कायद्याच्या रूढ नियमांनुसार, देशांवर कर्तव्य आहे. हे मत बंधनकारक नाही. पण आता ‘आम्ही मदत करतो ती मैत्रीखातर’ एवढ्यावर भागणार नाही.

आणि मैत्रीखातर केलेल्या मदतीची खरी गोम इथेच आहे. २०२४ मध्ये मालदीवच्या तिजोरीत डॉलरचा खडखडाट झाला होता. ‘इंडिया आउट’च्या घोषणेवर निवडून आलेलं सरकार, दोन्हीकडच्या समाजमाध्यमांवर यथेच्छ चिखलफेक, आणि तरीही भारताने मे आणि सप्टेंबरमध्ये प्रत्येकी ५ कोटी डॉलरच्या मालदीव सरकारच्या हुंड्यांची, म्हणजे अल्पमुदतीच्या कर्जाची, मुदत वर्षभराने वाढवून दिली. मग चलनाची अदलाबदल झाली. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान माले इथे गेले तेव्हा ४,८५० कोटी रुपयांचा नवा पतपुरवठा जाहीर झाला, तोही रुपयांत. जुन्या कर्जांचे वार्षिक हप्ते ५ कोटी १० लाख डॉलरवरून २ कोटी ९० लाखांवर आणले गेले. निर्णय योग्य होते, मी त्यांच्या बाजूने आहे. पण प्रत्येक सवलत कुठल्या तरी दौऱ्याला, कुठल्या तरी रुसव्या-समजुतीला बांधलेली. उद्या पुन्हा बिनसलं आणि त्याच महिन्यात त्सुनामी आली तर? २००४ च्या त्सुनामीत मालदीवचं नुकसान त्या देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या साठ टक्क्यांहून जास्त होतं. समुद्र काही परराष्ट्र खात्याचा कल पाहून येत नाही.

म्हणून भारताने एक धोरण जाहीर करावं: बेटदेशांना दिलेल्या प्रत्येक पतपुरवठ्यात, नव्या आणि चालू, आपत्तीच्या वर्षी हप्ता पुढे ढकलण्याचं कलम असेल. यात आपण पहिले ठरणार नाही. ब्रिटनच्या निर्यात-वित्त संस्थेने हे २०२२ मध्ये जाहीर केलं, जागतिक बँकेने २०२३ मध्ये. बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मोटली यांनी जागतिक वित्तव्यवस्था बदलण्याच्या ‘ब्रिजटाउन’ प्रस्तावांतून हा आग्रह धरला तो आधी स्वतःच्या देशाच्या कर्जरोख्यांत हे कलम घालून. ग्रेनाडाच्या फेररचनेत तर तैवानच्या एक्झिम बँकेनेही ते मान्य केलं होतं. मोठ्या विकसनशील देशांत मात्र भारताने हे आधी केलं तर चीनला उत्तर देण्याचा त्याहून स्वस्त मार्ग मला दिसत नाही. त्यांनीही पाठोपाठ तसं केलं, तर आणखीच उत्तम.

आक्षेप येईल की आपल्याकडेच शेतकरी कर्जात असताना दुसऱ्यांना सूट कशाला. ही सूट नाही. हप्ता पुढे जातो, व्याज चालू राहतं, मुद्दल बुडत नाही. उलट संकटाच्या वर्षी ओढून ताणून वसुली केली की पुढे पूर्ण कर्जच बुडण्याची शक्यता वाढते, हे ग्रेनाडाच्या दोन फेररचनांनी दाखवलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा: निकष कोण लावणार? कॅरिबियनमध्ये सामाईक विमा संस्था आहे, पॅसिफिकमध्येही तशी एक आहे. हिंदी महासागरात मालदीव आणि मॉरिशससाठी वेगळी व्यवस्था लागेल. पण तिची सामग्री आपल्याच दारात आहे. उत्तर हिंदी महासागरातल्या चक्रीवादळांचे इशारे जागतिक हवामान संघटनेच्या वतीने दिल्लीचा हवामान विभाग देतो. हिंदी महासागरातल्या देशांना त्सुनामीचे इशारे हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सागरी माहिती संस्था देते. धनकोच्याच देशातल्या संस्थेने निकष लावावा हे मालदीवला रुचणार नाही, आणि रुचू नयेच. तेव्हा मोजमाप या संस्थांचं आणि निर्णय दोन्ही देशांनी आधीच मान्य केलेल्या तिसऱ्याचा, अशी रचना करता येईल.

या कलमाने सगळं भागणार नाही. ते अचानक आलेल्या आपत्तीसाठी आहे. विहिरीतलं पाणी वर्षागणिक खारट होत जातं, किनारा दर उधाणाला हातभर खचतो, त्याला एक तारीख नसते आणि म्हणून कुठलंही कलम लागू होत नाही. त्यासाठी कर्ज नव्हे, अनुदानच हवं, आणि ते देण्याची पहिली जबाबदारी ज्यांनी धूर सोडला त्यांची. लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांवर हाच प्रश्न आपल्या दारातही उभा आहे.

पण जे लगेच करता येण्यासारखं आहे त्याचा हिशेब मांडून पाहा. मालदीवकडून भारताला या कर्जांपोटी आता वर्षाला येणं आहे २ कोटी ९० लाख डॉलर. एखाद्या भीषण वर्षी ते सगळंच्या सगळं पुढे ढकललं, तरी ती रक्कम २०२४ मध्ये ऐनवेळी मुदत वाढवून दिलेल्या एका हुंडीपेक्षा कमी भरते.